भिंतीपलीकडचा सोमवार

इरियाने दोरी ओढली तशी आत कुठेतरी लांबवर घंटा किणकिणली, आणि बेगोन्याने लगेच तिच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"हसायचं नाही हं. आतून आधी 'आवे मारिया पुरिसिमा' म्हणतात. मग आपण पुढचं म्हणायचं. नाही म्हटलं तर मिठाई देत नाहीत, आजीने सांगितलंय."

"पुढचं काय?"

"तेच तर विसरले."

कॉन्व्हेंटची देवडी अंधारी आणि गार होती. भाजलेल्या बदामांचा आणि मेणाचा वास येत होता. समोरच्या भिंतीत लाकडाचं एक उभं पिंप बसवलेलं, एका बाजूने उघडं. पैसे त्यात ठेवायचे, ते फिरून आत जायचं, आणि परत फिरून येताना त्यात मिठाईचा डबा असायचा. मठाबाहेर कधीच न पडणारी आतली नन आपल्याला दिसायची नाही, आपण तिला दिसायचो नाही. दोघी माद्रिदहून सकाळच्या सगळ्यात स्वस्त बसने तोलेदोला आल्या होत्या. झोपायला एका वसतिगृहात वरखाली दोन पलंग, पाठीवरच्या पिशवीत घरून आणलेली ऑम्लेट-पावाची पुडकी, आणि फुकटात काय काय बघता येईल त्याची पूर्ण आखणी बेगोन्याच्या डोक्यात. चैन म्हणून एवढीच, बदामाच्या मिठाईचा एक लहान डबा.

"आवे मारिया पुरिसिमा," पिंपाच्या आतून आवाज आला. तरुण होता, आणि उच्चार इथले नव्हते.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"'सिन पेकादो कोन्सेबिदा' म्हणायचं असतं," आवाजानेच सांगितलं. "नाहीतर नुसता नमस्कार केलात तरी चालेल. सगळ्यात लहान डबा ना? विद्यार्थ्यांना तोच लागतो."

"तुम्हाला कसं कळलं आम्ही विद्यार्थी म्हणून?"

"कुजबुजताना ऐकलं."

पिंप फिरलं, पैसे गेले, डबा आला. बेगोन्या दाराकडे वळलीसुद्धा. तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा खालच्या पट्टीत.

"तुम्ही इथल्या नाही ना?"

"नाही," इरिया म्हणाली. "उद्या संध्याकाळी परत जाणार."

"मग बरं. एक काम सांगू? जमलं तर करा, नाहीतर विसरून जा. आमच्या बागेला मागे एक भिंत आहे. दुपारी जेवणानंतर आम्हाला थोडा वेळ बोलायची मुभा असते, तेव्हा आम्ही बागेत बसतो. त्याच वेळी भिंतीपलीकडे काहीतरी आपटतं. टक्क! हल्ली तो आवाज दबलाय, पण येतो. आणि मग एक माणूस म्हणतो, सोमवार."

"सोमवार?"

"मंगळवारी सोमवार. शुक्रवारी सोमवार. नाताळच्या दिवशीसुद्धा सोमवार."

बेगोन्याला हसू आवरेना. "वेडा असेल कुणीतरी."

"असेल. पण मग सोमवारच का? बुधवार का नाही?"

इरिया पिंपाच्या जवळ सरकली. "शेजाऱ्यांना का नाही विचारत?"

"शेजारी इथे विचारलेलं गावभर करतात. मग ते मदरच्या कानावर जाणार. तुम्ही निघून जाणाऱ्या." आवाज जरा हसला. "मी केनियाहून आले तेव्हा रात्र होती. गाडीच्या काचेतून एक पेट्रोलपंप दिसला, आणि मग हे दार. भिंतीपलीकडे रस्ता आहे, घर आहे, का दरी आहे, मला माहीत नाही. कळलं काही, तर उद्या सकाळी या. मी इथेच असते." क्षणभराने तिने पुस्ती जोडली, "बहुतेक."

बाहेर उन्हात आल्यावर बेगोन्या म्हणाली, "तू जाणारेस ना शोधायला? तुझ्या तोंडावर लिहिलंय. अगं, तू रस्ता चुकलीस तरी कुणाला विचारत नाहीस. काल त्या पाववाल्याला सुटे मागायलासुद्धा मलाच पुढे केलंस."

"मी विचारणार नाही. नुसती ऐकीन."

"ऐक. मी पुलावर जाते. पूल फुकट आहे."

*

इरियाने भिंत धरून चालायला सुरुवात केली. भिंत थोडा वेळ नीट सोबत राहिली, मग घरांच्या पाठीमागे गेली, मग एका बोळाच्या तोंडाशी परत भेटली आणि पुन्हा हरवली. तोलेदोतल्या गल्ल्यांना सरळ जायची सवय नाही. दुपारची जेवणं उरकली होती, दुकानांची दारं ओढलेली, तलवारी आणि सुऱ्या विकणारा तेवढा एक म्हातारा उंबऱ्यात खुर्ची टाकून पेंगत होता. त्याला विचारता आलं असतं. इरिया त्याच्यासमोरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा नुसती मान हलवून पुढे गेली.

शेवटी ती एका टोक बंद असलेल्या बोळात शिरली. बोळाच्या टोकाला हिरवं दार होतं, वर भिंतीच्या माथ्यावरून सुरूच्या झाडांचे शेंडे दिसत होते. ती परत फिरणार एवढ्यात दारापलीकडे काहीतरी आपटलं. दबका, उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज. आणि पाठोपाठ एक पुरुष खणखणीत म्हणाला,

"सोमवार!"

इरियाचा हात कडीकडे गेला आणि खाली आला. आत जाऊन म्हणायचं तरी काय? ती बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन आली. मग डोळे मिटून तिने कडी वाजवली.

दार उघडणारी बाई ठेंगणी, गोल, हात ओले. तिने इरियाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काय विकतेस?"

"काही नाही."

"मग नगरपालिकेची?"

"नाही, सेन्योरा. मी... मी तो आवाज ऐकून आले."

बाईचा चेहरा पडला. "तक्रार केली ना त्यांनी? मला वाटलंच होतं. ये, बघ, तूच बघ. घोंगडी घातलीय मी टेबलावर. चारपदरी! आता आणखी काय करू, माणसाच्या तोंडात बोळा कोंबू?"

ती हात धरून इरियाला आत घेऊनच गेली. लहानसं अंगण, एक अंजिराचं झाड, आणि समोर कॉन्व्हेंटची ती उंच भिंत, विटा आणि दगड एकाआड एक. झाडाखाली संगमरवरी टेबल, त्यावर घडी घातलेली घोंगडी, घोंगडीवर डॉमिनोच्या सोंगट्या मांडलेल्या. भिंतीकडे तोंड करून एक उंच, रुबाबदार म्हातारा बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या हाताने त्याने एक सोंगटी उचलली, डोक्याच्या वर नेली आणि दाणकन घोंगडीवर आपटली.

"सोमवार!" तो म्हणाला, आणि इरियाकडे बघून भुवई उडवली, जणू काय चाल केलीय बघ.

"दुहेरी सहा टाकलेत," बाई म्हणाली. "आणि म्हणतोय सोमवार. बस, पोरी. सेन्योरा नको म्हणूस, बँकेतून कुणी आल्यासारखं वाटतं. मी विसी. हा फेर्मिन."

"तक्रार नाहीये," इरिया घाईघाईने म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर शब्द आपोआप येत होते. "उलट आहे. आतल्या एका सिस्टरला जाणून घ्यायचंय. हे सोमवारच का म्हणतात ते."

विसी हात पुसता पुसता थांबली. मग हळूच खुर्चीवर टेकली.

फेर्मिन चौकातल्या एका बारमध्ये वेटर होता. उभा जन्म त्याने तिथे काढला. घसा असा, की बाहेर दहा टेबलांची ऑर्डर तो दारातूनच आतल्या स्वयंपाक्याला सांगायचा. बाहेरगावचे लोक फक्त त्याचं ओरडणं ऐकायला कॉफी घ्यायचे. मग एका सकाळी दाढी करताना तो खाली बसला. उठला तेव्हा उजवा हात गेला होता आणि बोलणंही गेलं होतं. हॉस्पिटलात कितीतरी दिवस काही नाही, आणि मग एक दिवस हा शब्द.

"डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादाच शब्द उरतो. कुणाला शिवी उरते, कुणाला बायकोचं नाव." विसी नाक ओढत हसली. "माझं नाही उरलं, बघ. पण मला कळलं लगेच. सोमवारी बार बंद असायचा. आठवड्यातला आमचा तेवढाच दिवस. नदीवर जायचो, गळ टाकून बसायचो. मासा एक मिळाला असेल तर शपथ."

"आणि डॉमिनो?"

"ते डोकं चालू राहावं म्हणून. जिंकतो मेला, अजूनही." तिने आवाज खाली आणला. "सांगू का, मागच्या उन्हाळ्यात हा असाच ओरडला आणि पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं! बारमध्ये कुणी वाहवा केल्यासारखा फुलला हा. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची भिंतीकडे वळवून मागितली. मग दोघीतिघी हसायला लागल्या. एकदा तर कुणीतरी तिकडून ओरडलं, 'आज गुरुवार आहे!' हा इतका हसला की मी घाबरले."

"मग?"

"मग गप्प. गेले कित्येक दिवस हसणं नाही, बोलणं नाही. नुसतं खडीवर चालल्याचं ऐकू येतं. म्हटलं, वैतागल्या. धर्माच्या बायका, किती सोसतील? म्हणून घोंगडी घातली." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "त्याला कळत नाही त्या का गप्प झाल्या. एकदोन डाव खेळतो आणि आत जाऊन पडतो."

फेर्मिन सोंगटी हातात धरून भिंतीकडे बघत होता.

*

रात्री वरच्या पलंगावरून बेगोन्याने खाली डोकावून सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सोमवार म्हणजे सुट्टी. एवढंच?"

"एवढंच."

बेगोन्या थोडा वेळ उलटीच लोंबकळत राहिली. "मी उगाच हसले," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

सकाळी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर इरिया एकटीच देवडीत गेली. तिने दोरी ओढली. रस्ताभर ती सांगायची वाक्यं जुळवत आली होती.

"आवे मारिया पुरिसिमा."

आवाज दुसराच होता. म्हातारा, घोगरा, खोकल्याने खरवडलेला.

"सिन पेकादो कोन्सेबिदा," इरिया म्हणाली. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "काल इथे ज्या सिस्टर होत्या..."

"काल काय बोलल्या त्या?"

"डबा कुठला हवा ते विचारलं."

"त्या कामात आहेत. आज सगळ्याच कामात आहेत. मिठाई संपली."

आत चिकटपट्टी खर्रकन ओढल्याचा आवाज आला, मग खोकं जमिनीवरून सरकवल्याचा. इरिया कान देऊन ऐकत राहिली.

"मग पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्या आठवड्यात इथे कुणी नसेल, बाळ. आम्ही उरलोय मोजक्या, त्यातही निम्म्या अंथरुणावर. दुसऱ्या गावच्या मठात सामावून घेतायत. हे घर बंद होतंय. उद्या सकाळी गाडी येईल."

"उद्या," इरिया म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "सोमवारी?"

आत खोकं सरकवणं थांबलं.

"सोमवारी," घोगरा आवाज म्हणाला. "देव तुझं भलं करो." पिंप फिरलं आणि त्याची बंद, गुळगुळीत पाठ इरियासमोर आली.

ती बाहेरच्या पायरीवर बसली. जायचा दिवस सोमवार ठरला असेल, आणि त्याच दुपारी त्या बागेत येऊन बसल्या असतील, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी नेहमीसारखं ओरडलं असेल. अंगावर शहारा आल्यासारखं तिने दोन्ही दंड चोळले.

*

"ते संग्रहालय आज दुपारनंतर फुकट आहे," बेगोन्या बोळात शिरताना तिसऱ्यांदा म्हणाली. "मी नुसतं आठवण करून देतेय."

"तू जा."

"गप गं. डॉमिनो येतो का तुला तरी?"

दारातच इरियाने विसीला हळू आवाजात सांगितलं. विसीने ऐकलं, आणि कोरडेच हात एप्रनला पुसत राहिली.

"सगळ्या?"

"सगळ्या. कायमच्या."

"मी सून म्हणून या घरात आले तेव्हा ह्या सिस्टरांनी भिंतीवरून दोरीने अंजिराची टोपली मागितली होती. आमचं झाड तिकडे झुकायचं." तिने अंगणात नजर टाकली. फेर्मिन आधीच येऊन बसला होता, बेगोन्या त्याला स्वतःची ओळख करून देत होती आणि तो मान तिरकी करून ऐकत होता. "त्याला सांगू नकोस."

ती टेबलापाशी गेली. काही न बोलता तिने सोंगट्या एका बाजूला लोटल्या, घोंगडी ओढून काढली, झटकून तिची घडी घातली आणि आत नेऊन ठेवली.

डाव सुरू झाला. उघड्या संगमरवरावर सोंगट्या कडाडत होत्या. बेगोन्या फेर्मिनची जोडीदार झाली आणि पहिल्याच डावात तिने त्याच्या शिव्या खाल्ल्या. शब्द सोमवारच होता, पण सूर शिवीचा होता, त्यात शंका नव्हती. मग भिंतीपलीकडे खडी करकरली. एक पाऊल, मग अनेक. कुणी बोलत नव्हतं. फेर्मिनने सोंगटी वर उचलली, तिकडचा कानोसा घेतला आणि सगळा जीव गोळा करून आपटली.

"सोमवार!"

खडी थांबली. काहीच नाही. फेर्मिनने वाट पाहिली. त्याचा हात टेबलावरून हळूहळू मांडीवर गेला, दुसऱ्या हाताशेजारी.

इरिया उठली. शाळेत फळ्यासमोर उभी राहायची तशी भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. कान लाल झाले होते. तिने विसीकडे पाठ करून विसीलाच विचारलं, इतक्या मोठ्याने की अंजिरावरच्या चिमण्या उडाल्या.

"विसी! हे रोज सोमवार का म्हणतात?"

विसी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिली. मग तिला समजलं. तीही उठली, इरियाच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि विटांकडे बघत, बाजारात भाव सांगावा तशी सांगू लागली. बारचं सांगितलं, घशाचं सांगितलं, त्या सकाळच्या दाढीचं सांगितलं. "त्याला एवढाच शब्द उरलाय," ती म्हणाली. "पण तो रागाने म्हणत नाही हो. सोमवारी बार बंद असायचा. सोमवार म्हणजे आमचा नदीवर जायचा दिवस. त्याला तेवढंच चांगलं आठवतं, ते तो सगळ्यांना सांगतो. त्रास झाला असेल तर माफ करा."

पलीकडे कुणीतरी जोरात श्वास घेतला. मग कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला इरियाने ओळखला.

"नाव काय तुमच्या यजमानांचं?" घोगरा आवाज म्हणाला.

विसीच्या आधी बेगोन्याच ओरडली, "फेर्मिन!"

"फेर्मिन, ऐकताय ना? मी मदर कासिल्दा. बरेच दिवस मी बागेत यायचं टाळलं. इथे येऊन बसले की तुम्ही मला आमचा जायचा दिवस सांगत होतात. मला वाटत होतं, ते वरून येतंय. हुकूम आल्यासारखं. मी फार घाबरले होते, फेर्मिन. मी सतरा-अठराची असताना या दारातून आत आले. बाहेर काय आहे मला ठाऊक नाही."

फेर्मिनने खुर्चीच्या हातावर जोर देऊन स्वतःला पुढे ओढलं. ओठ हलत राहिले. काहीतरी वेगळंच म्हणायचं होतं त्याला, तिघींनाही ते दिसत होतं. शेवटी नेहमीचंच आलं, पण हळू, लहान मुलाची समजूत काढताना म्हणावं तसं.

"सोमवार."

"हो," पलीकडून उत्तर आलं. "उद्याच."

मग तो तरुण आवाज, इथला नसलेला, अगदी भिंतीला लागून आला. "नदी इथून किती लांब आहे?"

"सिस्टर!" घोगरा आवाज म्हणाला. पण त्यात दम नव्हता, आणि क्षणभराने तोच पुढे विचारू लागला, "त्या नदीवर अजून बायका कपडे धुतात का?"

"छे हो, कधीच बंद झालं," विसी म्हणाली. "पण पुलाखाली गवत आहे. आणि बदकं. संध्याकाळी पाणी असं तांबूस होतं... अगं, तू सांग ना, तू शिकलेली!"

इरियाने काल पूल पाहिलाच नव्हता. तिने बेगोन्याला पुढे ओढलं, आणि बेगोन्या भिंतीला तोंड लावून सांगू लागली. पाण्याचा रंग, बांधावरून पडणारी धार, दगडावर मान वाळवत बसलेला काळा पक्षी, पुलावर उलटा झोपून फोटो काढणारा एक जाडा माणूस. पलीकडून प्रश्नांवर प्रश्न येत होते, आता निरनिराळ्या आवाजांत. पक्षी केवढा? जाडा म्हणजे किती जाडा? पाण्याचा आवाज येतो का वर?

"बघालच उद्या," बेगोन्या शेवटी धाप टाकत म्हणाली. "गाडी पुलावरूनच जाईल ना?"

"माहीत नाही," मदर म्हणाली. मग जरा वेळाने, स्वतःशी बोलल्यासारखं, "गाडीवाल्याला सांगीन मी. म्हणावं, पुलावर जरा थांब. आम्हाला घाई नाही."

भिंतीपलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी.

बेगोन्याने घड्याळ पाहिलं. बस सुटायला फार वेळ नव्हता. तिने इरियाकडे पाहिलं, मग फेर्मिनकडे. आणि खुर्ची पुढे ओढून ती नव्या डावासाठी दोन्ही हातांनी सोंगट्या पिसायला लागली.